सत्तावीस नंबरचं गवत

२५ ऑगस्ट, सोमवार

आज नगरपंचायतीच्या भागवत साहेबांनी दोन वह्या दिल्या. ते स्वच्छता निरीक्षक आहेत. म्हणाले, "परमेश्वर, कोणत्या प्लॉटवर गेलास, किती कापलं, काय राहिलं, रोजच्या रोज लिहीत जा. उद्या मालक भांडायला आला तर आपल्यापाशी लेखी पाहिजे." एक वही त्यांना दाखवायची. दुसरी मी घरी ठेवली. बारावीनंतर पेन धरला नाही, हात आखडलाय.

काम असं आहे. बदनापुरात मोकळे प्लॉट लई झालेत. मालक संभाजीनगरला, नाहीतर पुण्याला. पावसाळ्यात तिथं गाजरगवत छातीला लागतं, साप निघतात, डास होतात. म्हणून या वर्षी ठराव झाला. गवत गुडघ्याच्या वर गेलं की मालकाला नोटीस. सात दिवसांत त्यानं काढलं तर ठीक, नाहीतर नगरपंचायत काढून घेणार आणि खर्च त्याच्या घरपट्टीत लावणार. काढणारा मी. मशीन माझीच, पेट्रोलवर चालते, पट्ट्यानं खांद्याला अडकवायची. कापलेलं गोळा करायला पुष्पामावशी.

यादीत चौतीस प्लॉट आहेत, सगळे रेल्वेलाइनच्या पलीकडच्या ले-आउटमधले. मी यादी दोनदा वाचली. साहेबांना विचारलं, "सगळेच घ्यायचे का?"

साहेब हसले. "काहून? एखादा ठेवायचा काय तुला?"

शालूला सांगितलं तर ती खूश झाली. म्हणाली, "घरात बसून राहण्यापरीस बरं. तुमी लई गप झाल्ते."

२८ ऑगस्ट, गुरुवार

तीन आणि चार नंबर झाले. हात अजून थरथरतात, मशीन सोडली तरी.

दुपारी बाराच्या सुमाराला चार नंबरच्या मधोमध होतो. मशीनच्या आवाजात दुसराच एक आवाज आला. बारीक. मी मशीन बंद केली. काहीच नाही. नुसतं ऊन. परत चालू केली, परत आला. असं तीनदा झालं. मावशी दाताळं टेकून बघत होत्या.

"काय रं?"

"मांजरीची पिल्लं असतील. पात्यात यायची."

आम्ही दोघांनी राहिलेलं गवत हातानं बाजूला करून करून बघितलं. पिल्लं नव्हती. मावशी म्हणाल्या, "मला तर काहीच आलं न्हाई ऐकू." त्यांचा एक कान अधू आहे.

उद्यापासून कानात कापूस घालीन.

४ सप्टेंबर, गुरुवार

कापूस घालून फरक नाही.

शालूनं आज भाकरी थापता थापता एकदम विचारलं, "तिला केस होते का हो?"

ती कोण, ते मला विचारावं लागलं नाही. मागच्या नवरात्रात, चौथ्या माळेला, जालन्याच्या दवाखान्यात आम्हाला मुलगी झाली. सातव्याच महिन्यात. शालूचं बीपी वाढलं, झटके आले, दोन दिवस ती शुद्धीत नव्हती. मुलगी सहा तास होती. शालूनं तिला बघितलंच नाही. मी बघितलं.

"ध्यानात न्हाई," मी म्हणालो.

"बोटं तरी?"

"शालू, काहून उकरून राह्यलीस?"

तिनं भाकरी उलटली. मला कळतं तिचं. आईला एकच लागून राहतं, लेकरू कुठं आहे, नीट जागी आहे का. ते तर मी तिला तेव्हाच सांगितलंय. गावी नेलं, आपल्या शेतात, बांधावर, माझ्या आजोबांच्या शेजारी. तेवढ्यावर तिचं समाधान व्हायला पाहिजे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

भागवत साहेब प्लॉटवर येऊन गेले. म्हणाले, "सव्वीस झाला, अठ्ठावीस झाला. सत्तावीस मधीच काहून सोडला?"

"गांधीलमाशांचं पोळं हाय साहेब."

"मंग धूर कर."

वहीत लिहिलं, "सत्तावीस, गांधीलमाशा, नंतर." साहेबांनी त्याखाली सही केली. मावशींनी पोळं बघितलेलं नाही, कारण पोळं नाही.

दोन्ही बाजूंचं कापल्यामुळे सत्तावीस आता एकटाच उभा दिसतो. चारी बाजूंनी भिंतीसारखा. आत गाजरगवत, आघाडा, तरवड, कडेला दोन एरंड. संध्याकाळी पाचला मी रस्त्यावर थांबलो होतो. वारं नव्हतं. मधले शेंडे हलत होते. दोन पावलं आत गेलो तर एका जागी गवत दबलेलं, हातभर. लहानसं कुणी झोपून उठावं तसं.

कुत्रं असेल. मला कुत्रं दिसलं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिदिनाची सुट्टी. झेंडावंदन करून सत्तावीसचे मालक थेट प्लॉटवर आले आणि मला फोन करून बोलावून घेतलं. सोमेश्वर सर. संभाजीनगरला शाळेत शिकवतात, पुढच्या वर्षी रिटायर होणार. मला वाटलं भांडतील. उलट तेच म्हणाले, "नोटीस आली, बराबरच हाय. माझीच चूक. तुम्ही काढून टाका, काय होईल ते भरतो. दसऱ्याच्या आत पाया खणायचा. एकोणतीसला जेसीबी सांगितलाय."

"हो सर."

"आत खड्डे-बिड्डे, दगड, काही असंल तर आधी सांगा. जेसीबीवाला कटकट करतो."

"हो सर."

मला सांगता आलं असतं. तिथं आम्ही दोघंच होतो. ते माझ्याकडं पाठ करून अंदाजानं पावलं मोजत होते, इथं हॉल, इथं किचन. मी "हो सर" म्हणत राहिलो.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

गावी जाऊन आलो. अंबडच्या पुढं सगळीकडं पाणी, कपाशी पिवळी पडलीय.

आईनं आजोबांचं पान केलं. शालू वाटीत दूध घेऊन निघाली तर आई म्हणाली, "एवढ्याशा जिवाचं श्राद्ध न्हाई करत, बाई."

"श्राद्ध न्हाई, आत्याबाई. नुसतं दूध ठेवते."

मी तिच्या मागं गेलो आणि कपाशीत लांबच थांबलो. बांधावर सगळीकडं कुंदा माजलाय, पण त्या जागेला एक काडी नाही. गावी आली की ती खुरपं घेऊन जाते, हे मला माहीत होतं. एवढं निघालं असेल हे माहीत नव्हतं. हात-दीड हात जागा अंगणासारखी साफ, वर शेणाचा सडा, भोवती झेंडू लावलेला. ती उकिडवी बसली आणि बोलायला लागली. काय ते ऐकू आलं नाही. मधेच हसली. पदरानं कुणाचं तरी नाक पुसावं तसं तिनं मातीवरचं एक पान उचललं.

तिथं कुणी नाही.

हे आज पहिल्यांदा लिहिलं. तिथं कधीच कुणी नव्हतं. लेक बदनापुरातच आहे, सत्तावीस नंबरात.

२४ सप्टेंबर, बुधवार

मशीन घरी ठेवली. विळा घेऊन गेलो. मावशींना म्हणालो, "आज हातानंच कापू." त्यांनी आपला विळा काढला.

पूर्वेकडून सुरुवात केली. गुडघ्यावर बसून, मूठ मूठ करत. कापताना ते सगळं आठवत गेलं, ते इथं लिहून टाकतो.

मागच्या वर्षी दवाखान्यातून मी एकटाच निघालो होतो. गावीच न्यायचं मनात होतं. जालन्याहून आधी घरी आलो, कुदळ घ्यायला. तोवर आभाळ भरून आलं. गाव दोन तासांवर, रस्ता असा, आणि ती माझ्यापाशी. इथल्या स्मशानाकडं गेलो तर तिथं ओळखीतलीच मयत आलेली, शंभर माणसं. मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं. कुणी विचारलं असतं, काय आणलंस? मी गाडी वळवली. लाइनीच्या पलीकडं गवत एवढं होतं की आत शिरलं की माणूस दिसत नव्हतं. मी शिरलो. पाऊस सुरू झाला. खणलं. वर दगड ठेवले, किती ते ध्यानात नाही. कुणाचा प्लॉट, कितवा, काही बघितलं नाही. बाहेर आल्यावर सिमेंटच्या खांबावर लाल रंगात २७ दिसलं.

शालूला तिसऱ्या दिवशी शुद्ध आली. तिनं विचारलं, कुठं? मी म्हणालो, गावी, बांधावर. ती म्हणाली, "बरं केलं." त्यानंतर मला ते मागं घेता आलं नाही.

दगड दिसले की ओळखू येईल. आज अर्धा झाला. दगड दिसले नाहीत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर पाऊस थांबून थांबून. तरी पूर्ण कापलं. एक काडी उभी नाही.

दगडच दगड आहेत. प्लॉट पाडताना मुरूम टाकलेला, त्यातले. जिथं तिथं चार-पाच दगडांचा ढीग वाटतो. दबलेल्या जागाही एक नाही, सहा-सात निघाल्या. गेल्या वर्षभरात पाणी वाहून गेलंय, माती इकडची तिकडं झालीय. मी एका जागी बसून हातानं माती उकरली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. कुठंच काही नाही. तो आवाज मशीन नसताना दिवसभर येत होता. मी आवाजाच्या मागं जायचो आणि तो दुसरीकडून यायचा.

पुष्पामावशींनी येऊन माझं मनगट धरलं. माझ्या नखांतून रक्त येत होतं.

"परमेश्वर. काय ठेवलंय तू इथं?"

मी सांगितलं. रस्त्यावरून कामावरून सुटलेली माणसं स्टेशनाकडून येत होती, त्यांच्यादेखत सांगितलं. मावशी तिथंच चिखलात बसल्या. मग म्हणाल्या, "माझी बी दोन लेकरं गेली, त्यांना माझ्या नवऱ्यानंच नेलं. मला कव्हा कुणी सांगितलं न्हाई कुठं. मी विचारलं बी न्हाई, विचारायची सोयच नव्हती. तुझी बायको विचारून राह्यली ना? मंग सांग तिला. आजच सांग."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काल सांगता आलं नाही. आज सकाळी सांगितलं. शालू घटाला पाणी घालत होती. तिनं ऐकून घेतलं, तांब्या खाली ठेवला.

"बांधावर कोण हाय मंग?"

"कुणी न्हाई."

"मी वर्षभर कुणासंगं बोलले?"

मला वाटलं ती ओरडेल, मारेल, माहेरी निघून जाईल. तिनं चपला घातल्या. म्हणाली, "चला."

प्लॉट उघडा पडलेला, मावशींनी गवताचे भारे कडेला रचलेले. शालू खांबापाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "गाडी कुठं लावली?" मी दाखवलं. "मंग कोणीकडून शिरले?" मी चालून दाखवलं. "तोंड कोणीकडं होतं? लाइन डाव्या हाताला का उजव्या?" मला वाटलं डाव्या. मग वाटलं, नाही, रेल्वेचा आवाज पाठीमागून आला होता. तिनं मला चार वेळा चालायला लावलं. चारही वेळा मी वेगळ्या जागी थांबलो.

चौथ्या वेळेनंतर ती म्हणाली, "राहू द्या." घरी येताना ती माझ्या पुढं वीस पावलं चालत होती.

२९ सप्टेंबर, सोमवार

जेसीबी साडेआठला आला. शालू आठलाच जाऊन उभी होती. मी नको म्हणालो नाही.

ड्रायव्हरला ती एवढंच म्हणाली, "भाऊ, हळू घ्या." त्यानं माझ्याकडं बघितलं. सोमेश्वर सरांनीही बघितलं. ही कोण, असं त्यांनी मावशींना बाजूला नेऊन विचारलं. मावशींनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. सर परत आले, ड्रायव्हरशी हळू आवाजात बोलले, आणि मग रस्त्याच्या पलीकडं जाऊन पायरीवर बसले. त्यांनी आणलेला नारळ पिशवीतच राहिला.

बकेट खाली जायचं, माती वर यायची, बाजूला पडायची. प्रत्येक वेळी शालू दोन पावलं पुढं येऊन बघायची आणि मग हात करायची. हात केल्याशिवाय ड्रायव्हर पुढचं बकेट घेत नव्हता. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. एका तासाचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. ती जेवली नाही, पाणी प्यायली, तेही उभ्यानं. काळी माती निघाली, मग पिवळी, मग मुरूम. मुळं, प्लास्टिक, एक फुटका माठ. बाकी काही नाही.

मी दिवसभर तो आवाज ऐकायचा प्रयत्न केला. आज तो आला नाही. नको असताना येत होता, हवा होता तर नाही.

शेवटी सर उठून आले. "वहिनी, मी नकाशा बदलतो. एक कोपरा सोडतो तुमच्यासाठी."

शालू म्हणाली, "कोणता कोपरा, सर? कोपरा कुठं ठावं हाय आमाला." मग म्हणाली, "तुमी बांधा घर. माणसं राहत्याल, दिवे लागतील. गवतापरीस बरं."

१ ऑक्टोबर, बुधवार

भागवत साहेबांनी वही तपासली. सत्तावीसच्या पुढं "काम पूर्ण" लिहायला लावलं. लिहिलं. अजून नऊ प्लॉट राहिलेत. मशीन उचलवत नाही, अंगात बारीक ताप आहे.

शालू जेवायला वाढते. बोलत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

पाऊस होता म्हणून घरीच होतो. दुपारी शालू समोर येऊन बसली. मी म्हणालो, "मी चुकलो. जागा नीट बघून ठेवायला पाहिजे होती. गावीच न्यायला पाहिजे होतं."

"जागेचं ऱ्हाऊ द्या. जागा तुमीच धरून बसले. मी कव्हा विचारली जागा? पहिल्या दिवशी एकदा. त्यानंतर मी काय विचारून राह्यले वर्षभर?"

मला आठवेना.

"केस होते का, विचारलं. बोटं विचारली. रडली का, ते विचारलं, तर तुमी उठून गेल्ते. तिला बघितलेलं सगळ्या जगात तुमी एकटेच हाव. आन तुमी म्हणता ध्यानात न्हाई."

ध्यानात नव्हतं असं नाही. एक दिवस नव्हता की दिसलं नाही. पण ते तोंडानं काढलं तर तेही जाईल, असं मला वाटत होतं. हे मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "न्हाई जात. सांगा."

मग मी सांगितलं. केस होते, लई होते, ओले, कपाळाला चिकटलेले. डावा कान दुमडलेला होता. नर्सबाईनं बोटानं सरळ केला, तो परत दुमडला, त्या परत सरळ करून हसल्या. नखं होती, इवलीशी. रंग तुझ्यासारखा. काचेच्या पेटीत ठेवलं होतं, पेटीला हात घालायला गोल भोक असतं, मी त्यातून बोट नेलं तर तिनं धरलं. सोडेना. नर्सबाई म्हणाल्या, आता काढा, तर मलाच काढवेना. एकदा उचकी लागली. रडली दोनदा, मोठ्यानं नाही, बारीक. तोंड वाकडं करून, तुला राग आल्यावर तू करतेस तसं.

शालूनं तोंडावर हात ठेवला होता. हात न काढता म्हणाली, "मंग?"

मंग दुपारी साडेतीनला गेली. मी जॅकेट घातलं होतं. तिला टॉवेलात गुंडाळून जॅकेटच्या आत घेतलं, चेन गळ्यापर्यंत लावली. जालन्यापासून इथवर ती माझ्या पोटाला लागून होती. गाडीवर वारं लागत होतं, पण तिथं गरम होतं. मला सगळ्या रस्त्यानं वाटत होतं की ती गरम आहे. मी एक हात खाली धरला होता आणि एका हातानं गाडी चालवली. खड्डा आला की म्हणायचो, झालं, झालं, आलंच घर.

"थंडी न्हाई वाजली मंग तिला."

"न्हाई."

पत्र्यावर पाऊस चालला होता. ती बराच वेळ माझ्या शर्टाच्या त्या जागेकडं बघत बसली. मग तिथं हात ठेवला.

"अजून?"

"एवढंच हाय शालू. सहाच तास होती."

"बरं," ती म्हणाली. भिंतीला टेकून नीट बसली, पाय लांब केले, डोळे मिटले. "आता परत सांगा. पहिल्यापासून. जल्दी जल्दी न्हाई."